एलसी वाचते तशी जाहिरात वाचायला लागले

"मॅडम, आमच्याकडं काय बनतं माहितीये ना तुम्हाला?"

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, होटगी रोडला एका ऑफिसात इंटरव्ह्यूला बसले होते आणि समोरच्या साहेबांनी दुसराच प्रश्न हा विचारला. मला उत्तर आलं नाही. त्या आठवड्यात मी कुठं कुठं अर्ज टाकलेत हेच मला धड आठवत नव्हतं, रात्री जेवणं झाली, भांडी झाली की मोबाईल घ्यायचा आणि दिसेल तिथं अप्लाय दाबत जायचं असं चाललं होतं, सात दिवसांत ३१ का ३२ झाले होते. टेबलावर काही सॅम्पल दिसतंय का बघितलं. मागं भिंतीवर सिद्धेश्वराचं कॅलेंडर होतं, त्याच्यावर पण दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानाचं नाव. साहेब रागावले वगैरे नाहीत. फाईल मिटली आणि म्हणाले, "चहा घेऊन जावा." तो चहा कसा संपवला माझं मला माहिती. खाली आले आणि स्कूटीजवळ दहा मिनिटं नुसती उभी होते, किल्ली हातात धरून.

हे लिहितेय कारण आत्ता सोलापुरात माझ्यासारखे बरेच जण घरी बसलेत आणि रात्री तेच करतायत जे मी करत होते.

थोडं मागचं सांगते. मी टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघत होते, ९ वर्षं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बँकेत कागद लावणे, आरओएससीटीएलचा (निर्यातीच्या कापडी मालावरचे कर सरकार परत देतं त्याचा) क्लेम, सगळं. आपला टॉवेल परदेशात जातो तो या कागदांवर जातो, नुसता कंटेनर न्हावाशेवाला पोचून काही होत नाही. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या बहुतेक मालावर एकूण ५० टक्के जादा टॅरिफ लावला आणि आमच्या ऑर्डरी आधी होल्ड, मग कॅन्सल व्हायला लागल्या. दिवाळीपर्यंत कसंबसं चाललं, दिवाळी झाल्यावर मालकांनी आम्हा सहा-सात जणांना बोलावून सांगितलं की थोडे दिवस थांबा, फोन करतो. फोन काही आला नाही. त्यात मी पीएफचं पासबुक उघडून बघितलं तर शेवटच्या ५ महिन्यांचा पीएफ भरलेलाच नाही, पगारातनं मात्र कापलेला! त्याची तक्रार मी पीएफच्या पोर्टलवर टाकलीये, ते चालू आहे, त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

तर नोकरी गेल्यावर माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस सगळीकडं हात मारतो. आमच्या घरात तर ते रक्तातच आहे. आजोबा गिरणीत होते, गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा त्यांनी जे मिळेल ते धरलं, आधी एका गोडाऊनवर वॉचमन, मग विडीच्या पानांची पोती उतरवायला, मग कुठल्या तरी शाळेत शिपाई. आई अजून सांगते, त्यांनी कधी हे काम नको असं म्हटलं नाही. मला त्यांचा अभिमान आहे, खूप आहे. पण त्यांच्या घरात तेव्हा पुढच्या आठवड्याची ज्वारी नव्हती, आणि माझ्या घरात होती. हा फरक मला समजायला दोन महिने लागले. मी आजोबांसारखी घाबरले, पण मला त्यांच्याएवढं घाबरायची गरज नव्हती.

दिवाळीनंतरच्या सहा आठवड्यांत मी १४० च्या वर अर्ज टाकले. एकच सीव्ही, सगळीकडं तोच. त्यात वरती लिहिलेलं, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड. रिसेप्शनिस्टला पण तोच, अकाउंट्सला पण तोच, पुण्यात कुठल्या तरी कॉल सेंटरला पण तोच. त्यातनं फोन आले चार. दोघं इन्शुरन्स विकायला लावणारे, एकजण रजिस्ट्रेशनचे १,५०० आधी भरा म्हणणारा (हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, नोकरीसाठी आधी पैसे मागतो तो नोकरी देत नसतो), आणि चौथा तो होटगी रोडचा.

त्या दिवशी घरी आले, कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी कपाटातनं माझी जुनी एलसीची फाईल काढली, का काढली माहीत नाही, कदाचित आपल्याला येणारं काहीतरी हातात घ्यावं म्हणून असेल.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. परदेशातल्या गिऱ्हाईकाची बँक लिहून देते की असे असे कागद आणून दाखवा, पैसे आम्ही देऊ. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. तिला बघायला ५ बँकिंग दिवस असतात आणि त्या ५ दिवसांत ती शब्द न् शब्द ताडून बघते. एकदा आमच्या इनव्हॉइसवर मालाचं वर्णन लिहिताना '१०० टक्के कॉटन' मधलं '१०० टक्के' राहिलं, एवढंच राहिलं. बँकेनं डिस्क्रिपन्सी (कागदातली तफावत) काढली, गिऱ्हाईकानं होकार देईपर्यंत पैसे अडकले, वर दंड कापला तो वेगळाच. तेव्हापासून माझी सवय आहे, एलसी आली की प्रिंट काढायची, पट्टी ठेवून एकेक ओळ वाचायची, प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं लिहायचं की हा कागद कोण देणार, कधी देणार. आणि एखादी अट आपल्याला पाळता येण्यासारखी नसेल तर माल लोड व्हायच्या आधीच गिऱ्हाईकाला मेल करून अमेंडमेंट, म्हणजे अटीत बदल, मागायची. लोड झाल्यावर रडून उपयोग नसतो.

ती फाईल मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्या डोक्यात आलं की जाहिरात पण हेच आहे की! समोरच्यानं लिहून दिलंय, हे हे दाखवलं तर पैसे देईन. आणि मी त्याला न वाचताच कागद पाठवत होते, १४० बँकांना एकच सेट. ९ वर्षं जे काम मी डोळ्यांत तेल घालून केलं ते स्वतःसाठी एकदा पण केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते पैशांचं. यांच्यासोबत वही घेऊन बसले (यांचं नवी पेठेत मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे), घरखर्च, पोराची फी, सासूबाईंची औषधं, स्कूटीचा हप्ता, सगळं काढलं तर माझ्या पगाराशिवाय तीन महिने निघत होते, ओढून ताणून. निवडून घ्यायचं म्हटलं तर तेवढा वेळ हातात पाहिजे, नुसतं सीव्ही चांगला करून भागत नाही. तो वेळ वाढवायला मी ओळखीच्या एका टॅक्सवाल्या काकांकडं दुपारचे चार तास जीएसटीच्या एन्ट्र्या मारायला जायला लागले, ८ हजार. करिअरच्या दृष्टीनं त्या कामाचा काही उपयोग नव्हता आणि नातेवाईकांत दोघातिघांनी नाक पण मुरडलं. पण त्या ८ हजारांनी माझे तीन महिने पाच-साडेपाच महिन्यांवर नेले, आणि कुठल्याही ऑफरला घाईत हो म्हणायची वेळ येऊ दिली नाही. ज्यांच्याकडं खरंच एक महिना पण नाही त्यांनी आधी मिळेल ते धरावं, त्यात कमीपणा काय नाही, फक्त ते धरलं म्हणून शोधणं बंद करू नये एवढंच माझं म्हणणं.

मग यादी. जुन्या पॅकिंग लिस्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने केले, काय पाहिजेच आणि काय चालणारच नाही. चालणारच नाही मध्ये पहिलं लिहिलं, पीएफ नसलेली नोकरी. कारण माझी पेन्शन स्कीममधली ९ वर्षं झालीयेत, १० झाली की पेन्शनचा हक्क लागतो, आणि एका वर्षासाठी ते सोडायचं म्हणजे! (ज्यांना वाटतं नोकरी गेली की पीएफ काढून मोकळं व्हावं, त्यांनी हे दहा वर्षांचं गणित आधी बघा, यूएएन (आपला पीएफचा नंबर) तोच राहतो, नवीन ठिकाणी जुना पीएफ ट्रान्सफर होतो.) दुसरं, रात्री आठच्या पुढं रोज थांबायला लावणारं काम, पोरगा तिसरीत आहे. पाहिजेच मध्ये लिहिलं, कागदांचं काम, सात तारखेच्या आत पगार आणि जायला यायला सोय. चिंचोळी एमआयडीसी जुळे सोलापूरहून लांब पडते, तरी तिला काट मारली नाही, कंपनीची गाडी असेल तर जाऊ म्हटलं.

यानंतर मी जाहिराती वाचायला लागले, पट्टी ठेवून. तुम्ही पण एकदा वाचून बघा, इतक्या गोष्टी दिसतात. एक होती, एक्स्पोर्ट एक्झिक्युटिव्ह पाहिजे, मर्चंडायझिंगचं ज्ञान, टॅली आवश्यक, बाहेरगावी जायची तयारी, तातडीने रुजू. आधी मी डोळे झाकून अप्लाय केलं असतं. आता वाचलं तर तीन माणसांचं काम एका पगारात, आणि 'तातडीने' म्हणजे आधीची व्यक्ती अचानक सोडून गेलीये. एक्स्पोर्टच्या लाईनीत सगळे एकमेकांना ओळखतात, आमच्या जुन्या सीएचएला (कस्टम एजंट) फोन केला, क्लिअरिंगचं काम तोच बघायचा, तर म्हणाला मॅडम दीड वर्षात चौथी जागा निघालीये ती. काट.

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवली नव्हती, मीच केली आणि आता सगळ्यांना सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मला एक कारखाना बरा वाटत होता, बाहेरनं चकाचक, मालकांचं नाव मोठं. शिफ्ट सुटायच्या वेळेला मी त्याच्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसले, भजी-पाव घेतला. टपरी एका मावशींची. गर्दी ओसरल्यावर विचारलं, "मावशी, इथल्या लोकांचा पगार वेळेवर होतो का ओ?" त्या कढईतनं झारा न उचलता म्हणाल्या, "दोन महिने झालं की ह्यांची उधारी बंद केलीये मी. तू लागणार हायस का हितं? बग बाई." झालं. नंतर आणखी दोन ठिकाणी असंच बसले, एका ठिकाणी चहावाले काका म्हणाले, "सात तारखेला वही कोरी व्हती माझी, कधी आठ नाय झाली." एवढं खरं उत्तर एचआर कधी देत नाही.

टपरीसोबत मी ऑनलाईन पण बघत होते. पीएफच्या वेबसाईटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च म्हणून आहे, तिथं कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती माणसांचा भरला हे दिसतं. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, तर तारखा बघायच्या, आणि माणसांचा आकडा वर जातोय की खाली. एका कंपनीनं मला फोनवर सांगितलं १५० स्टाफ आहे, पीएफ ३४ जणांचा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीएच्या (केंद्राचं कंपनी खातं) साईटवर मास्टर डेटा फुकट दिसतो, कंपनी चालू आहे का, शेवटची बॅलन्स शीट कुठल्या वर्षाची. जीएसटी नंबर टाकून रिटर्न भरतायत का ते पण. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, माझा ५ महिन्यांचा पीएफ अडकल्यावर मला तो अर्धा तास जास्त वाटत नाही.

असं करत करत माझी यादी ११ नावांवर आली. फक्त ११. यांना काळजी वाटायला लागली आणि मामा तर सरळ चिडले. मामांचं एकच, "पुण्याला जा, सकाळच्या हुतात्मा गाडीनं जा, अर्धं सोलापूर पुण्यातच हाय." आणि मामांचं चूक नव्हतं, पुण्यातनं खरंच एक ऑफर आली होती मध्ये, फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात, वर्षाला ५ लाख ४० हजार. घरात सगळ्यांचे डोळे मोठे झाले. मी म्हटलं आधी कागद बघू.

हा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनी माझ्यावर करणार तो सगळा खर्च. महिन्याला ४५ हजार दिसतात ना, त्यातले ४ हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० तो पण त्याच ४५ मध्ये धरलेला, ग्रॅच्युइटीचे हजारभर ते पण त्यातच, आणि ग्रॅच्युइटी सलग ५ वर्षं काढली तर हातात येणार. राहिले ३८. त्यातनं माझा पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. हातात ३६ हजार. आता मैत्रिणीला फोन करून विचारलं, वाकडला पीजी ९ हजार, डबा साडेचार, रोजचं जाणं येणं अडीच, महिन्यातनं दोनदा सोलापूर म्हणजे दोन हजार धरा. उरले १८ हजार. आणि पोरगा आठवड्यातले पाच दिवस आईशिवाय. मी ते गणित मामांच्या समोर कागदावर केलं, आकडे तेच ठेवून त्यांना म्हटलं तुम्ही करून बघा. मामा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले, मग म्हणाले "ह्ये सीटीसी म्हंजे लई फसवं हाय की गं." पुण्याला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. २३-२४ वर्षांच्या पोरानं ज्याला काम शिकायचंय त्यानं १८ उरले तरी जावं, त्याचं पाहिजेचचं पान वेगळं असणार. माझ्या पानात ते बसत नव्हतं.

मी पुण्याच्या ऑफरला नाही म्हटलं तो दिवस वाईट होता, हे पण सांगायला पाहिजे. हातात दुसरं काहीच नव्हतं तेव्हा. गड्ड्याची जत्रा चालू होती, पोराला घेऊन गेले होते, तो पाळण्यात बसला होता आणि मी खाली उभी राहून त्या मेलचा विचार करत होते, सेंड केलेला मेल परत आणता येतो का बघत होते मोबाईलमध्ये. रात्री झोप नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण सकाळी माझ्यासाठी चहाचा कप आधी भरून ठेवला होता त्यांनी, रोज मी भरते.

त्या दिवसांतच मला दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि नोकरी शेवटी तिच्यामुळं लागली. मी स्वतःला 'टॉवेलवाली' समजत होते. यादीतली ११ पैकी ९ नावं टॉवेल, चादर, युनिफॉर्मची. आणि टॉवेलच्या सगळ्या कारखान्यांना एकच ताप आलेला, सगळ्यांनी माणसं कमी केलेली, म्हणजे मी एकाच आटलेल्या विहिरीत नऊ दोर सोडून बसले होते. पण मी टॉवेल विणत नाही ना, मी कागद बनवते. सोलापूर जिल्ह्यातनं काय काय बाहेर जातं? इंजिनचे कॅमशाफ्ट जातात, केमिकल जातं, द्राक्षं जातात, डाळिंब जातं. डाळिंबाचं तर राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्या केगावला आहे, सोलापूर डाळिंबाला जीआय (त्या भागाच्या नावाचं मानांकन) मिळालंय, आणि भगवा डाळिंब युरोपला, आखाती देशांत जातो. त्या प्रत्येक पेटीमागं कुणीतरी माझंच काम करत असणार.

मावशीची बाग सांगोल्याला आहे. रविवारी गेले, डाळिंब बघायला नाही, कागद बघायला. मावसभावानं फवारणीची वही दाखवली, कुठलं औषध, किती मिली, कुठल्या तारखेला, तोडणीच्या आधी किती दिवस थांबला, सगळं निळ्या पेननं. युरोपला जायचं तर बागेची नोंदणी अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) हॉर्टीनेट पोर्टलवर लागते, फळाचा नमुना लॅबला जातो, औषधाचा अंश मर्यादेच्या आत आला तरच पुढं, मग फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे फळात कीड-रोग नाही याचा दाखला. म्हणजे कसं, टॉवेलला एचएस कोड (कस्टमचा मालाचा नंबर) ६३०२ तर ह्याला ०८१०, इनव्हॉइस तीच, शिपिंग बिल तेच, कस्टमचं आयसगेट पोर्टल तेच, नवीन फक्त हे तीन-चार कागद. मी दोन आठवडे अपेडाची साईट वाचत बसले, वही भरली, अडलं तिथं सीएचएला फोन.

मोहोळच्या बाजूला एक पॅकहाऊस आहे, त्यांनी कुठं जाहिरात दिली नव्हती. सीएचएकडनं कळलं होतं की त्यांचा डॉक्युमेंटेशनचा माणूस लग्नानंतर नाशिकला जाणार आहे, एवढंच. मी मालकांना मेल केला. सीव्हीत मेहनती, प्रामाणिक वगैरे सगळं काढून टाकलं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं की ९ वर्षं एक्स्पोर्टचे कागद केलेत आणि शेवटच्या ३ वर्षांत माझ्या एका पण सेटला बँकेनं डिस्क्रिपन्सी काढली नाही. सोबत एकच पान जोडलं, डाव्या बाजूला टॉवेलचे कागद, उजव्या बाजूला डाळिंबाचे, कुठले सारखे, कुठले मला शिकायचेत, आणि शिकायचेत त्यांच्यापुढं मी आत्तापर्यंत काय वाचलंय. शिकायचेत हे लपवलं नाही, एलसीत नसलेला कागद आहे म्हणून दाखवला तर काय होतं ते मला चांगलं माहितीये.

चौथ्या दिवशी फोन. गेले. ते म्हणाले, "जाहिरात दिलीच नव्हती आम्ही, तुम्ही कशा काय आलात?" मी खरं ते सांगितलं. मग ते पान समोर ठेवून त्यांनी तासभर विचारलं, दोन ठिकाणी माझं चुकलेलं त्यांनी तिथंच दुरुस्त करून दाखवलं. शेवटी म्हणाले तुम्हाला काही विचारायचंय का. आधी अशा वेळी मी "नाही सर" म्हणायचे. यावेळी वही काढली. सीझनला किती वाजेपर्यंत थांबावं लागतं, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडनं नक्की काय झालं तर तुम्ही म्हणाल की बरं झालं हिला घेतलं, आधीचे दादा मला किती दिवस शिकवायला असतील. सीझनला दोन महिने उशीर होतो हे त्यांनी लपवलं नाही, मी पण सांगितलं की आठच्या पुढं रोज नाही जमणार, आठवड्यातनं दोन दिवस जमवते. लोडिंगच्या आधीच अमेंडमेंट मागून घेतली. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले.

वर्षाला ४ लाख २० हजार, हातात २८ च्या आसपास. गाडी सात रस्त्याला येते सकाळी साडेआठला. हो म्हणायच्या आधी घरी येऊन पीएफच्या साईटवर तारखा बघितल्या, सगळ्या १५ च्या आत. टपरी नाहीये तिथं गेटवर, नाहीतर तिथं पण बसले असते.

नवीन काम अवघड आहे, खरं सांगते. फळ थांबत नाही, टॉवेल गोडाऊनला महिना पडला तर टॉवेलच राहतो, डाळिंबाच्या कंटेनरला लॅबचा रिपोर्ट एक दिवस उशिरा आला तर सगळ्यांचे फोन माझ्याकडं. पहिल्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा नोंदणी नंबर मी चुकीचा टाकला होता, मीच रात्री परत तपासताना सापडला, गाडी निघायच्या आत दुरुस्त झाला.

आमच्या जुन्या कारखान्यातले डिस्पॅचचे दादा अजून घरीच आहेत. परवा रविवारी सीव्ही घेऊन आले होते, म्हणाले ताई २०० ठिकाणी टाकलाय. बघितला तर माझाच जुना सीव्ही, मेहनती, प्रामाणिक, सगळं तसंच, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलेला बहुतेक. १२ वर्षं या माणसानं कंटेनर भरलेत. ४० फुटीमध्ये किती कार्टन बसतील हे तोंडानं सांगतात, पावसात एक पेटी ओली होऊ दिली नाही. त्यातलं एक अक्षर सीव्हीत नाही. मी शेंगाची चटणी, भाकरी वाढली आणि पेन घेऊन बसले. दादा आधी म्हणत होते, "ते काय लिहायचंय ओ ताई, ते तर कामच होतं की." दोन तास लागले. आता त्यांच्या कागदावर ७ नावं आहेत, तीन गोडाऊन, दोन ट्रान्सपोर्टवाले, एक सिमेंटचा डेपो आणि आमचं पॅकहाऊस. सोमवारी ते चिंचोळीला दोन टपऱ्यांवर जाऊन बसणार आहेत, चार वाजता, शिफ्ट सुटायच्या वेळेला.